सिल्वासाच्या भिंतीवरचं जंगल

सिल्वासाला जाताना सीमा किती ओलांडल्या, याचा हिशेब मी अर्ध्या वाटेत सोडून दिला. वापी स्टेशन गुजरातचं. तिथून रिक्षा निघाली की दादरा लागतं, ते केंद्रशासित. दादरा संपलं की पुन्हा गुजरातची एक चिंचोळी पट्टी आणि मग नगर हवेली सुरू. या हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं एक गाव आहे, ते परत गुजरातचं! अंगण एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, अशा गोष्टी ऐकतच आपण सीमाभागातली माणसं लहानाची मोठी झालो. तरी या नकाशाची मलाही गंमत वाटली. सौ.नी विचारलं, "मग इथे दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत लावतात?" उत्तर रस्त्यावरच होतं. गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि अधूनमधून मराठी. कुठल्याही पाटीला काळं फासलेलं दिसलं नाही, हेही इथे नमूद करून ठेवतो.

आमची भाची तिथे असते. जावईबापू सुताच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतात. "मामा, मामींना घेऊन एकदा तरी या," असा दर दिवाळीला फोन असायचा. गेल्या हिवाळ्यात बेळगाव, मिरज, पुणे, वसई करत आम्ही दोघं एकदाचे वापीला उतरलो.

तिथले लोक गावाला सेलवास म्हणतात. गावात शिरल्यावर पहिली डोळ्यांत भरतात ती वारली चित्रं. कुंपणाच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकाशी, हॉटेलच्या स्वागतकक्षात, जिथे तिथे गेरूच्या रंगावर पांढरी माणसं फेर धरून नाचताहेत. मध्ये तारपा वाजवणारा. बाजूला डोंगर, झाडं, मोर. पहिल्या दिवशी फार छान वाटलं. दुसऱ्या दिवशी माझं लक्ष त्याच भिंतींच्या वर गेलं. तिथून पुढे कारखान्यांचे पत्रे आणि धुराडी दिसत होती.

गाणी, चित्रं, सिनेमे यांनी माणसं जागी होतात का, हा प्रश्न या गावात विचारायचा तर आधी १९५४ साल आठवावं लागेल. पोर्तुगिजांच्या ताब्यातून हा मुलूख सोडवायला जी मराठी मंडळी गेली, त्यांत सुधीर फडके होते. 'गीतरामायण' आकाशवाणीवर सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. या लढ्यासाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं. पुढे पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, १९६० ला निकाल लागला आणि १९६१ ला हा भाग रीतसर भारतात आला. (सीमेचा खटला कोर्टात असणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) तेव्हा गाण्याने मुलूख सुटायला हातभार लागतो, हे इथे एकदा सिद्ध झालेलं आहे. नदी आणि जंगल यांच्या बाबतीत तेच होतं का, हे मात्र मला तिथल्या चार-सहा दिवसांत पाहायला मिळालं.

१९६१ साली इथली वस्ती ५८ हजारांच्या आसपास होती आणि ती बहुतेक आदिवासी होती: वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. १९६५ मध्ये पिपरियाला सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत झाली. नंतर मसाट, खडोली. करांत सवलती मिळाल्या तसे देशभरातून कारखाने आले, मुख्यतः सुताचे आणि प्लास्टिकचे. २०११ च्या जनगणनेत वस्ती ३ लाख ४३ हजारांवर गेली आणि आदिवासींचं प्रमाण ५२ टक्क्यांवर आलं. दहा वर्षांपूर्वी ते ६२ टक्के होतं. त्या वाढलेल्या वस्तीत आमची भाचीही आलीच. त्यामुळे कारखान्यांवर तोंडसुख घ्यायला मला जीभ रेटेना. ज्या ताटात जेवतो ते ताट त्याच पगारातून आलेलं.

जावईबापू माणूस सरळ. मी विचारायच्या आधीच सांगू लागले. "मामा, आमच्याकडे रंगाई नाही. पॉलिस्टरचा धागा येतो, तो तापवायचा, ताणायचा, पीळ देऊन फुगवायचा. वीज फार लागते, पाणी फारसं नाही. रंगाईवाल्यांचं आणि रसायनवाल्यांचं पाणी निराळं." एवढं बोलून ते थांबले आणि मग म्हणाले, "पण नदी एकच आहे."

ती नदी म्हणजे दमणगंगा. उगम नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात. नगर हवेलीतून, वापीच्या कडेने ती दमणला समुद्राला मिळते. २००७ साली एका अमेरिकन संस्थेने जगातल्या सर्वांत प्रदूषित ठिकाणांची यादी काढली, तीत वापी होतं. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक भागांना गुण दिले. अंकलेश्वर पहिलं, ८८.५० गुण. वापी दुसरं, ८८.०९. परीक्षेत एवढे गुण पडले तर पेढे वाटतात. इथे नव्या कारखान्यांना काही काळ बंदी आली. त्या यादीत आपल्याकडची नावंही होती: चंद्रपूर, डोंबिवली, भद्रावती, मंगळूर. वाचकांपैकी किती जणांना आठवतात? मला तरी आठवत नव्हती. वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते, वाहिन्यांवर काळं पाणी दाखवतात आणि आकडा आठवड्याभरात विरून जातो. यात पत्रकारांचा दोष आहे असं मी म्हणत नाही. ८८.०९ या आकड्याला चेहरा नाही.

भिंतींवरच्या चित्रांना चेहरा आहे, निदान होता. वारली चित्रं मुळात लग्नाची. झोपडीच्या आतल्या भिंतीवर, शेण आणि गेरूने सारवलेल्या जागी, तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी काढायचा चौक. बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा. चौकात पालघट देवी. ती झाडपाल्याची, पिकापाण्याची देवी. चौकाशिवाय लग्न लागत नसे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही चित्रं बाहेरच्या जगापुढे आणली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर घेतली, लग्नाच्या चौकाबाहेर काढली आणि मासेमारी, पेरणी, मुंग्यांची वारुळं असं सगळं त्यांत आणलं. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला ते गेले. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाच्या जाहिरातीतही वारली माणसं नाचली. २०१४ मध्ये या कलेला जीआय मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्र आणि गुजरातबरोबर हा दादरा-नगर हवेलीचा मुलूखही आहे.

मधल्या काळात ही चित्रं आपल्या घरांतही आली. आमच्याच घरात वारलीचे सहा कप आहेत, एक पिशवी आहे आणि सौ.ची एक साडीही. त्या साडीचं सूत पॉलिस्टरचं आहे हे सिल्वासात जावईबापूंनी हात लावून सांगितलं. "मामी, हे आमच्याकडचंही असेल!" आम्ही सगळे हसलो. नंतर मात्र मला ते हसू थोडं टोचलं.

आता मुद्द्याचा प्रसंग. भाचीची मुलगी पाचवीत. शाळेने 'पर्यावरण वाचवा' या विषयावर वारली पद्धतीचा तक्ता करून आणायला सांगितलेलं. पोरीने मोबाईलवर व्हिडिओ पाहून तक्ता केला. खाली नदी, मध्ये फेर धरलेली माणसं, कडेला चार झाडं, वर सूर्य. चांगला जमला होता. अज्जा-अज्जींना कौतुकाने दाखवला. (आम्ही तिचे अज्जा-अज्जी, ही धारवाडची देणगी सौ.कडून.) तेवढ्यात घरकामाला येणाऱ्या बुधीबेन फरशी पुसता पुसता थांबल्या. त्या वारली, खानवेलकडच्या. त्यांची बोली मराठीच्या जवळची, मध्ये गुजराती शब्द. मला निम्म्याहून जास्त कळत होती. त्यांनी बोट ठेवून विचारलं, हे कसलं झाड?

पोरगी म्हणाली, "झाड. ट्री."

"हां, पण कसलं?"

पोरीला प्रश्नच कळेना. बुधीबेन खाली बसल्या. ताड असेल तर पानं अशी पंजासारखी हवीत आणि त्यावर चढणारा माणूस हवा. मोह असेल तर खाली फुलं वेचणाऱ्या बाया हव्यात. खैर असेल तर काटे. साग असेल तर पान मोठं. हे नुसतं झाड काढलंय, याच्याखाली कुणी नाही, वर कुणी नाही. मग हे आहे कशाला?

अख्ख्या घरात त्या प्रश्नाचं उत्तर कुणापाशी नव्हतं. सौ. मात्र खुलल्या. मोहाचं चित्र पोरीने मोबाईलवर काढून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे तर आमचं हिप्पे!" मग ऐन निघाला, तो मत्ती. पळस निघाला, तो मुत्तुगा. मुत्तुगाच्या पानांच्या पत्रावळी लावत त्यांचं बालपण गेलेलं, काडी कशी टोचायची हे त्यांनी बुधीबेनना हातांनी दाखवलं आणि बुधीबेननी मान डोलावली. एक धारवाडची, एक खानवेलची. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नाही आणि पत्रावळीवर एकमत! पोरीने नव्या कागदावर चार झाडं पुन्हा काढली आणि प्रत्येकाखाली तीन-तीन नावं लिहिली. काढताना सारखी म्हणत होती, "टीचरने फक्त ट्री सांगितलंय. मार्क कापले तर?"

तक्त्यावर नदीजवळ तिने 'नदी वाचवा' असं लिहिलं होतं. रात्री जेवताना बापाला विचारलं, "बाबा, तुमच्या कारखान्याचं पाणी नदीत जातं का?" जावईबापू म्हणाले, "आमचं नाही जात." "मग कुणाचं जातं?" ते काही बोलले नाहीत. भाचीने आमटी वाढली.

रविवारी आम्ही खानवेल आणि तिथून दुधनीला गेलो. सिल्वासापासून तासाभरात रस्ता डोंगरात शिरतो. साकरतोंड नदी लागते, सागाची रांग लागते आणि आपण मघाशी कारखान्यांच्या गावात होतो हे खरं वाटत नाही. या प्रदेशाची सुमारे चाळीस टक्के जमीन वनखात्याच्या दप्तरी जंगल आहे, ती बरीचशी इकडची. दुधनीला मधुबन धरणाचं पाणी पसरलेलं आहे, होड्या आहेत, पर्यटक आहेत. देखणी जागा. काही जण तिला काश्मीरची उपमा देतात. मला आपलं राधानगरी आठवलं. हे पाणी वापी, सिल्वासा, दमणच्या नळांना आणि कारखान्यांना जातं. बुधीबेनचं आजोळ याच पाण्याखाली आहे. हे त्यांनी तक्त्याच्या वेळी सांगितलं नव्हतं, दुधनीला जाणार म्हटल्यावर सहज सांगितलं. होडीत बसल्यावर मी खाली पाण्यात पाहत होतो. दिसायला काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर एका झाडाखाली लाकडी फळीवर कोरलेला वाघ दिसला. वर चंद्र-सूर्य, अंगावर शेंदूर. हा वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला त्याची पूजा होते. वाघाने आपल्या गुरांना आणि माणसांना सांभाळावं, आपण त्याच्या वाटेत जाऊ नये, असा हा करार. गोव्या-कारवारकडेही वाघाला देव मानून त्याची ठाणी असतात, तेव्हा आपल्या वाचकांना हे परकं नाही. महाराष्ट्रातल्या वारली पाड्यांतल्या या वाघोबावर आणि बिबट्यासोबतच्या सहजीवनावर २०२१ मध्ये शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाड्यावरच्या बाईला ते आधीपासून ठाऊक होतं. आता ते नियतकालिकात छापून आलं एवढंच. सिल्वासाजवळ वासोण्याला सरकारने गीरच्या सिंहांची सफारी उभारली. सिंह पाहायला लोक तिकडे जातात, आणि या रानाचा खरा मालक बिबट्या, त्याच्यासाठी मात्र ही शेंदूर लावलेली फळी.

तिथे सौ.ना 'आजोबा' आठवला. २०१४ चा मराठी सिनेमा, उर्मिला मातोंडकरचा. पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, गळ्यात पट्टा बांधून. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोहोचला. शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या कामावर ती कथा. २०११ मध्ये तो बिबट्या एका वाहनाच्या धडकेत मेला. सिनेमा तिकीटबारीवर फार गाजला असं नाही. पण सौ.ना त्याची वाट आजही पाठ आहे. 'बिबटे वाचवा' अशी पाटी वाचून त्या कधी थांबल्या नसत्या. आजोबाला नाव होतं, त्याचा घाट कुठला, रेल्वे कुठली, हे माहीत होतं. म्हणजे पुन्हा बुधीबेनचाच प्रश्न: कसलं झाड?

कन्नड सिनेमाने तर आपल्या घरांत हे काम फार आधी केलं. १९७३ चा राजकुमारांचा 'गंधद गुडी' बेळगावच्या थिएटरात मी वडिलांबरोबर पाहिला. जंगलखात्याचा अधिकारी नायक असू शकतो, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. २०२२ मध्ये त्याच नावाने पुनीत राजकुमारांचा माहितीपट आला, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. त्यात ते स्वतः म्हणूनच कर्नाटकच्या रानांतून फिरतात. आणि त्याच वर्षी 'कांतारा'! त्यात गावकरी आणि जंगलखात्याचा अधिकारी समोरासमोर. पन्नास वर्षांत जंगल कुणाचं या प्रश्नाचं उत्तर कसं सरकलं, ते या सिनेमांतून दिसतं. मला स्वतःला 'कांतारा'तली मारामारी जास्त वाटली, पण ती तक्रार वेगळी.

पडद्यापेक्षा जमिनीवर जास्त उतरलेलं उदाहरण म्हणजे शिरसीजवळचं अप्पिको. १९८३ च्या सप्टेंबरात साळकणीचे लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. पांडुरंग हेगडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते गावोगाव नेलं ते पदयात्रा, स्लाइड शो, लोकनृत्यं आणि नाटुकल्यांतून. महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनची 'वॉटर कप' स्पर्धा २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झाली, पहिलं बक्षीस कोरेगावच्या वेळू गावाला. टीव्हीवर 'तुफान आलंया' लागलं की आमच्या शेजारचे भाऊ जेवण सोडून बसायचे. त्या कार्यक्रमात लोक आपल्याच शिवाराचे चर मोजत होते. पडलेलं पाणी कुठल्या बांधाशी थांबलं हे दाखवत होते. तज्ज्ञांचे त्या कामावर आक्षेप आहेत, भूजलाचे आणि स्पर्धेच्या घाईचे, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. तरी टीव्ही पाहून माणसं कुदळ घेऊन बाहेर पडली, हे मी कोरेगावच्या नातेवाइकांकडे डोळ्यांनी पाहिलं आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाजारात एका तरुण वारली चित्रकाराकडे गेलो. कापडावर काढलेली चित्रं दोरीला लावलेली. तारपा नाच, लग्न, भातकापणी. एक चित्र मात्र खाली, गुंडाळून ठेवलेलं. पोरीने ते उघडायला लावलं. एका बाजूला पाडा, ताडावर चढलेला माणूस, वाघदेव. मधून नदी. दुसऱ्या बाजूला धुराड्यांची रांग आणि फाटकातून आत शिरणारी, डबे घेतलेली ओळीने माणसं, तीच त्रिकोणी अंगाची. नदीत मासे होते. काही पोटं वर करून. "हे खपत नाही," तो म्हणाला. "नाचाचं घेऊन जातात. हे मी माझ्यासाठी काढलं." फाटकाशी उभा असलेला एक जण त्याचा भाऊ आहे, असंही त्याने दाखवलं.

मी नाचाचं चित्र घेतलं; बेळगावच्या घरी काय शोभेल याचा विचार करून. जावईबापू बराच वेळ त्या दुसऱ्या चित्राशी उभे होते. मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. त्याने किंमत कमी सांगितली, तर यांनी नाचाच्या चित्राएवढीच दिली.

परवा भाचीचा फोन आला. पोरीला तक्त्याला दहापैकी सात मिळाले, झाडांखाली फार मजकूर आहे असा शेरा. धुराड्यांचं चित्र अजून भिंतीवर लागलेलं नाही. दिवाणखान्यात लावायचं की आतल्या खोलीत, यावर दोघांत एकमत होत नाही. तोवर ते कपाटावर आहे.